मॅक्रो कोणी ठरवला, ते नावातच दिसू द्या

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या पॅनेलवाल्यांची आणि ट्रान्सफॉर्मरची उपकरणं बनवणाऱ्यांची मागणी बहुतेक ठरलेली असते. सी मधली एकच लायब्ररी हवी. ती लिनक्सच्या गेटवेवर चालली पाहिजे, कंट्रोल रूममधल्या विंडोज पीसीवर चालली पाहिजे आणि ऑपरेटिंग सिस्टिमच नसलेल्या छोट्या कंट्रोलरवरही चालली पाहिजे. गणित तिन्हीकडे तेच. फरक एवढाच, की एकीकडे थ्रेड आहेत, दुसरीकडे नाहीत, तिसरीकडे घड्याळ वाचायचं फंक्शनच वेगळं. हा फरक प्रीप्रोसेसरचे (म्हणजे कंपाइलच्या आधी कोडमधला कुठला भाग ठेवायचा ते ठरवणाऱ्या पायरीचे) मॅक्रो, #डिफाइननं दिलेली नावं, सांभाळतात, आणि अशी लायब्ररी बिघडते ती बहुधा तिथेच, गणितात नाही.

उदाहरणासाठी एक लायब्ररी धरू: ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं आणि वाइंडिंगचं तापमान वाचून नोंदवणारी, नाव तापमापी. मॅक्रोंची नावं या लेखात आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन कॅपिटलमध्ये, अंडरस्कोर जिथे आहेत तिथेच. जीसीसी कंपायलरच्या आवृत्ती १० पासून थेट यूटीएफ-८ मधली नावंही कंपाइल होतात, म्हणजे देवनागरी मॅक्रो खरोखर चालेल. पण जी लायब्ररी दहा कंपायलरांवर न्यायची तिच्यात ही हौस नको.

आधी उपसर्ग. तापमापीतल्या प्रत्येक मॅक्रोचं नाव तापमापी_ ने सुरू झालं पाहिजे, बाहेर न दिसणाऱ्या मॅक्रोचंसुद्धा. नुसतं हॅव्ह_पोल ('पोल हे फंक्शन आहे' अशा अर्थाचं) लिहिणं म्हणजे वडोदऱ्याच्या मराठी वस्तीत, दांडिया बाजारात जाऊन 'जोशी कुठे राहतात' असं विचारणं. उत्तर मिळेल, पण ते आपलेच जोशी असतील याची हमी नाही. ऑटोकॉन्फ (बिल्डच्या आधी सिस्टिममध्ये काय काय आहे ते तपासणारं साधन) वापरणारी प्रत्येक लायब्ररी हॅव्ह_ नेच नावं बनवते. दोघांपैकी एकीनं आपलं कॉन्फिग हेडर चुकून इन्स्टॉल केलं, की त्यातली नावं दुसरीच्या कोडमध्ये घुसतात. दोन्हीकडे किंमत सारखी असेल तर कंपायलर गप्प बसतो, कारण तीच व्याख्या पुन्हा लिहायला सी मध्ये मुभा आहे. किंमत वेगळी असेल तर तक्रार येते. सगळ्यात वाईट प्रकार तिसरा: आपल्याकडे तो मॅक्रो मुद्दाम अनडिफाइन्ड आहे आणि दुसऱ्याच्या हेडरनं तो १ करून ठेवला आहे. इथे कसलीच इशारत मिळत नाही. पायथनचं सी एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांना याची झलक माहीत असते. पायथन.एच इतर कुठल्याही स्टँडर्ड हेडरच्या आधी इन्क्लूड करा असं पायथनच्या कागदपत्रांतच लिहिलं आहे, कारण ते हेडर सिस्टिमच्या हेडरांवर परिणाम करणारे मॅक्रो डिफाइन करू शकतं.

उपसर्ग तीन अक्षरांचा ठेवायचा मोह टाळा. ताप_ छोटं आणि छान वाटतं, पण रोमनमध्ये तीच तीन अक्षरं नेटवर्कच्या आभासी कार्डालाही लावतात आणि टेस्टचे निकाल छापायच्या एका प्रोटोकॉललाही. तापमापी_ लिहायला कंटाळा येतो, पण कुणाशी भांडत नाही. लांबीची फार चिंता नको: सी९९ प्रमाणे मॅक्रोच्या नावाची पहिली ६३ अक्षरं धरली जातात. जुन्या सी९० मध्ये ही हमी ३१ अक्षरांचीच होती. तुमच्याकडे तसा जुना कंट्रोलर कंपायलर असेल, तर दोन नावांतला फरक पहिल्या ३१ अक्षरांत येऊ द्या.

उपसर्गानं आणखी एक कटकट आपोआप मिटते, ती म्हणजे राखीव नावांची. अंडरस्कोर आणि पुढे कॅपिटल अक्षर, किंवा दोन अंडरस्कोर, ही नावं कंपायलर आणि सिस्टिमची, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तरी हेडर गार्ड (एकच हेडर दोनदा वाचलं जाऊ नये म्हणून घातलेले मॅक्रो) _तापमापी_एच असे लिहिलेले सर्रास दिसतात. कमी माहीत असलेला नियम एरनो.एच चा आहे. ई आणि पुढे अंक किंवा कॅपिटल अक्षर, अशा प्रत्येक मॅक्रोवर त्या हेडरचा भविष्यातला हक्क आहे. म्हणजे सगळे बिनधास्त वापरतात ते एनेबल_ नेमकं त्याच कुंपणात येतं. सिग आणि पुढे कॅपिटल अक्षर ही नावं सिग्नल.एच ची, एलसी_ लोकेल.एच ची, एफई_ फेन्व्ह.एच ची, आणि सी११ पासून अॅटॉमिक_ सुद्धा राखीव. प्रत्यक्षात उद्या कुणी एनेबल_थ्रेड्स नावाचा एरर कोड काढेल असं नाही. पण पुढे तापमापी_ लावला, की हा सगळा तक्ता पाठ करायची गरजच उरत नाही.

आता मुख्य मुद्दा. 'फीचर मॅक्रो' म्हणून आपण ज्यांना एकाच रांगेत उभं करतो, ते मुळात पाच वेगळ्या प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचा मालक वेगळा असतो. नाव पाहून मालक कळला नाही, की बदल चुकीच्या ठिकाणी होतो.

पहिला प्रकार म्हणजे आपण सिस्टिमकडे केलेली मागणी: _पॉझिक्स_सी_सोर्स, _एक्सओपन_सोर्स, _जीएनयू_सोर्स, _फाइल_ऑफसेट_बिट्स. डिफाइन आपण करतो, पण नाव आणि अर्थ सिस्टिमचा, म्हणून इथे तापमापी_ लावता येत नाही. दुसरा, बिल्डनं शोधून काढलेली वस्तुस्थिती: तापमापी_हॅव्ह_. तिसरा, वापरणाऱ्याची इच्छा: तापमापी_ऑप्ट_. चौथा, या दोन्हींवरून लायब्ररीनं घेतलेला निर्णय: तापमापी_यूज_. आणि पाचवा, तयार झालेल्या लायब्ररीनं बाहेरच्यांना सांगितलेली माहिती: तापमापी_फीचर_. याला हॅज_ म्हणावंसं वाटेल, पण हॅव्ह_ आणि हॅज_ शेजारी ठेवले की रिव्ह्यू करणाऱ्याचे डोळे फसतात.

नियम असा: मुख्य कोडच्या फाइलींमध्ये फक्त यूज_ दिसला पाहिजे. हॅव्ह_ आणि ऑप्ट_ यांची गाठ एकाच अंतर्गत हेडरमध्ये पडते. उदाहरणार्थ पीथ्रेड, म्हणजे युनिक्स पद्धतीचे थ्रेड:

#इफ तापमापी_ऑप्ट_थ्रेड्स && तापमापी_हॅव्ह_पीथ्रेड
#  डिफाइन तापमापी_यूज_पीथ्रेड १
#एल्स
#  डिफाइन तापमापी_यूज_पीथ्रेड ०
#एंडिफ

याच्या खाली विंडोजच्या थ्रेडसाठी तसंच. त्याखाली एक तपासणी: ऑप्ट_थ्रेड्स १ आहे आणि दोन्ही यूज_ शून्य निघाले, तर #एरर. वापरणाऱ्यानं थ्रेड मागितले आणि लायब्ररीनं गुपचूप एकेरी बिल्ड करून दिली, हा बिल्ड फुटण्यापेक्षा वाईट परिणाम आहे. 'मिळालं तर घे, नाही तर सोड' अशी तिसरी स्थिती हवी असेल, तर ती बिल्ड सिस्टिमच्या पायरीवर ठेवा. मेसॉन या बिल्ड सिस्टिममध्ये एनेबल्ड, डिसेबल्ड आणि ऑटो अशी सोय आहेच. सी पर्यंत पोचेस्तोवर त्या ऑटोचं ० किंवा १ झालेलं असलं पाहिजे. आणि ऑटो हा डिफॉल्ट ठेवला, तर डिस्ट्रिब्युशनसाठी पॅकेज बनवणारे वैतागतात, कारण बिल्ड मशीनवर योगायोगानं कुठलं पॅकेज पडलं आहे यावर लायब्ररीचा आकार ठरतो.

० किंवा १, आणि नेहमी डिफाइन्ड. याबद्दल मी आग्रही आहे. #इफडेफ पद्धतीत 'नाही' म्हणजे मॅक्रो गैरहजर. मग नाव लिहिताना एक अक्षर चुकलं, हेडर इन्क्लूड करायचं राहिलं किंवा फीचर खरंच बंद आहे, या तिन्ही गोष्टी कंपायलरला सारख्याच दिसतात. #इफ पद्धतीतही अनोळखी नाव चुपचाप ० धरलं जातं, पण तिथे जीसीसी आणि क्लँगचा -डब्ल्यूअनडेफ हा इशारा कामाला येतो. #इफडेफला असा कुठलाच इशारा नाही, कारण 'आहे का?' एवढंच विचारणं हेच त्याचं काम. उलट बाजूही पाहा. कुणी कमांड लाइनवर -डी (मॅक्रो डिफाइन करणारा पर्याय) लावून किंमत ० दिली, तर #इफडेफच्या दृष्टीनं फीचर चालू! बंद करायला गेलेल्या माणसाच्या हातून चालू झालं.

ऑटोकॉन्फ इथे गोंधळ वाढवतो. त्याच्या एसी_चेक_फंक्स आणि एसी_चेक_हेडर्स या तपासण्या मॅक्रो १ करतात किंवा अनडिफाइन्ड सोडतात. एसी_चेक_डेक्ल्स मात्र हॅव्ह_डेक्ल_ नावाचा मॅक्रो नेहमी डिफाइन करतो, ० किंवा १. म्हणजे एकाच कॉन्फिग.एच मध्ये दोन शिस्ती. हॅव्ह_डेक्ल_ वर #इफडेफ लावला, की तो कायम खराच. सीमेक या बिल्ड सिस्टिममध्ये #सीमेकडिफाइन आणि #सीमेकडिफाइन०१ असे दोन पर्याय आहेत, त्यातला दुसराच घ्या. मेसॉनमध्ये सेट१० आहे. ऑटोकॉन्फसोबतच राहायचं असेल, तर कॉन्फिग.एच नंतर लगेच एक छोटं हेडर लिहून प्रत्येक हॅव्ह_ ला तापमापी_हॅव्ह_ मध्ये ० किंवा १ करून घ्या. सुरुवातीला हमाली वाटते, पण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. आपोआप उपसर्ग लावणारा एएक्स_प्रीफिक्स_कॉन्फिग_एच हा मॅक्रो ऑटोकॉन्फ आर्काइव्हमध्ये मिळतो, पण गैरहजर नावांना तो शून्य देत नाही.

आता किंमत. बिल्डच्या फ्लॅगमध्ये लोक काय काय लिहितात ते बघा. नुसतं -डी तापमापी_ऑप्ट_थ्रेड्स दिलं तर किंमत १ होते, ठीक. हेडरमध्ये किंमत न देता डिफाइन केलं तर ती रिकामी राहते, आणि #इफ 'अभिव्यक्तीच नाही' म्हणून थांबतो. हेही ठीक, निदान कळतं तरी. पण सीमेकच्या सवयीनं कुणी सीफ्लॅग्जमध्ये किंमत ऑन दिली तर? ऑन हे प्रीप्रोसेसरला अनोळखी नाव, म्हणून ०. येस दिलं तरी ०. ट्रू दिलं तर आणखी मजा: सी++ मध्ये आणि सी२३ मध्ये १, जुन्या सी मध्ये ०, आणि जुन्याच सी मध्ये त्या ओळीच्या आधी एसटीडीबूल.एच आलं असेल तर पुन्हा १. एकाच प्रोजेक्टच्या दोन फाइलींत दोन उत्तरं.

किंमत ० किंवा १ नसेल तर #एरर, अशी साधी तुलना लिहून हे पकडता येत नाही, कारण ऑन चं ० आधीच झालेलं असतं. नाव आणि किंमत चिकटवली की पकडता येतं:

#डिफाइन तापमापी_जोड_(अ, ब) अ##ब
#डिफाइन तापमापी_जोड(अ, ब) तापमापी_जोड_(अ, ब)
#डिफाइन तापमापी_योग्य_० १
#डिफाइन तापमापी_योग्य_१ १

#इफ !तापमापी_जोड(तापमापी_योग्य_, तापमापी_ऑप्ट_थ्रेड्स)
#  एरर "तापमापी_ऑप्ट_थ्रेड्स ला ० किंवा १ द्या"
#एंडिफ

किंमत १ असेल तर तापमापी_योग्य_१ तयार होतं, त्याची किंमत १, तपासणी पार. ऑन असेल तर तापमापी_योग्य_ऑन तयार होतं, जे कुठेच डिफाइन्ड नाही, म्हणून ०, म्हणून #एरर. रिकामी किंमत, २, अजिबात डिफाइन न केलेला मॅक्रो, सगळे याच चाळणीत अडकतात. जोड दोन पायऱ्यांत का, तर ## ला (हे दोन नावं चिकटवणारं चिन्ह) दिलेला घटक आधी उलगडला जात नाही. एकाच पायरीत लिहिलं तर किंमत नाही, मॅक्रोचं नावच चिकटेल, आणि १ दिलेलं असतानाही एरर येईल.

झेडलिब या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीच्या झेडकॉन्फ.एच मध्ये याच दुखण्यावर दुसरा, थोडा गंमतीचा उपाय आहे. _लार्जफाइल६४_सोर्स कुणी रिकामा डिफाइन करतं, कुणी १, म्हणून तिथे त्याच्या पुढे एक वजा, मागे 'वजा वजा १', आणि त्याची १ शी तुलना अशी ओळ लिहिली आहे. किंमत ० असेल तरच बेरीज १ येते आणि मॅक्रो अनडेफ होतो. रिकामा असो वा १, तो तसाच राहतो. दुसऱ्याच्या मॅक्रोशी जुळवून घ्यायचं असेल तेव्हा अशी कसरत समजू शकते. स्वतःच्या मॅक्रोसाठी करू नका.

आणखी एक युक्ती: यूज_ मॅक्रो फंक्शनसारखे, म्हणजे रिकाम्या कंसांसकट डिफाइन करायचे आणि #इफमध्येही कंसांसकट विचारायचे. नाव चुकलं की मागे '०()' उरतं आणि प्रीप्रोसेसर तिथेच एरर देतो, कुठलाही इशारा चालू न करता. कंट्रोलरच्या ज्या कंपायलरात -डब्ल्यूअनडेफसारखं काही नाही, तिथे हे उपयोगी. दिसायला मात्र विचित्र, आणि नव्या माणसाला प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागतं.

नकारार्थी नावांबद्दल. ओपनएसएसएल मध्ये ओपनएसएसएल_नो_, एसक्यूलाइट मध्ये एसक्यूलाइट_ओमिट_, सी११ मध्ये __एसटीडीसी_नो_थ्रेड्स__. यामागे कारण आहे: गैरहजर म्हणजे चालू. त्यामुळे नवं फीचर आलं तरी वापरणाऱ्यांच्या जुन्या कॉन्फिग फाइलींना हात लावावा लागत नाही. किंमत अशी मोजावी लागते, की कोड वाचताना 'नाही नसेल तर' असं डोक्यात उलटवत बसावं लागतं. शिवाय गैरहजेरीचा अर्थ कधी कधी 'मला हा प्रश्नच माहीत नाही' असाही असतो. सी९९ चा कंपायलर __एसटीडीसी_नो_थ्रेड्स__ डिफाइन करणारच नाही, म्हणून आधी __एसटीडीसी_व्हर्जन__ निदान २०१११२एल आहे का हे विचारावं लागतं, मग दुसरी अट. ऑप्ट_ नेहमी होकारार्थी ठेवा आणि लायब्ररीच्या हेडरमध्ये #इफएनडेफ लावून प्रत्येकाला डिफॉल्ट किंमत द्या. जुन्या कॉन्फिग फाइलींची सोय तेवढ्यानं होते. एलडब्ल्यूआयपी या छोट्या नेटवर्क लायब्ररीत हेच आहे: डिफॉल्ट ऑप्ट.एच मध्ये, तुमचे बदल एलडब्ल्यूआयपीऑप्ट्स.एच मध्ये. ज्या गोष्टीला शहाणा डिफॉल्टच नाही, तिथे छोट्या कंट्रोलरांसाठीच्या फ्रीआरटीओएस सारखं करा. कॉन्फिगयूज_प्रीएम्प्शन दिलं नाही, तर ते थेट #एरर देतं आणि कुठल्या फाइलमध्ये काय लिहायचं तेही सांगतं.

पॉझिक्सचे, म्हणजे युनिक्सवर्गीय सिस्टिमच्या मानकाचे, स्वतःचे पर्याय वेगळ्याच चालीचे आहेत, तिथे ०-१ ची सवय नडते. _पॉझिक्स_थ्रेड्स सारखा मॅक्रो युनिएसटीडी.एच मध्ये -१ असेल तर सोय नाही; ० असेल तर हेडर आहेत, पण सोय चालते का ते रनटाइमला सिसकॉन्फ या फंक्शनला विचारायचं; धन असेल तर नक्की आहे. #इफडेफ -१ लाही हो म्हणतो आणि नुसता #इफ सुद्धा, कारण -१ म्हणजे शून्येतर. इथे 'शून्यापेक्षा मोठा आहे का' हीच तुलना हवी. ती एकदा करून निकाल तापमापी_हॅव्ह_पीथ्रेड मध्ये टाका आणि मूळ मॅक्रो कोडमध्ये इतरत्र दिसू देऊ नका.

हॅव्ह_ नावांत लोक सर्वांत जास्त इथे घसरतात: नाव 'फंक्शन आहे' एवढंच सांगतं, 'कुठलं आहे' ते सांगत नाही. एरर कोडचा मजकूर देणारं स्ट्रएरर_आर घ्या. ग्लिबसीमध्ये (लिनक्सवर सर्रास असणारी सी लायब्ररी) _जीएनयू_सोर्स असेल तर ते कॅरेक्टर पॉइंटर देतं, नसेल तर पॉझिक्सप्रमाणे इंट. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीत कायम इंट, _जीएनयू_सोर्स असो वा नसो. उबंटूवर नीट चालणारा कोड मसलवरच्या अल्पाइन कंटेनरमध्ये इशारे देऊन कोसळतो तो यामुळे. शिवाय मसल स्वतःची ओळख सांगणारा मॅक्रोच मुद्दाम देत नाही, म्हणजे 'मसल असेल तर' असं लिहून सुटताही येत नाही. म्हणून नावात रूप आलं पाहिजे: तापमापी_हॅव्ह_जीएनयू_स्ट्रएरर_आर आणि तापमापी_हॅव्ह_पॉझिक्स_स्ट्रएरर_आर, दोन्ही ० किंवा १. सॉर्ट करणाऱ्या क्यूसॉर्ट_आर चंही तेच: जीएनयूत आणि जुन्या बीएसडीत आर्ग्युमेंटचा क्रमच उलटा आहे.

दुसरा घसरडा भाग म्हणजे लिंक होणं आणि दिसणं यांतला फरक. एसी_चेक_फंक्स स्वतःच एक खोटा प्रोटोटाइप लिहून फंक्शन लिंक होतं का एवढंच पाहतो. मग तुम्ही -एसटीडी मध्ये सी९९ किंवा सी११ असा कडक मोड लावला, की ग्लिबसीची हेडरं पॉझिक्सची फंक्शनं लपवतात. हॅव्ह_ म्हणतो आहे, हेडर म्हणतं नाही. जुना कंपायलर अशा वेळी फंक्शन इंट देतं असं गृहीत धरायचा, आणि ते पॉइंटर देणारं असेल तर ६४ बिटांवर वरचा अर्धा भाग कापला जायचा. क्लँग १६ आणि जीसीसी १४ पासून असं न जाहीर केलेलं फंक्शन वापरणं हा डिफॉल्टनंच एरर आहे, ते बरंच झालं. उपाय दोन: तपासणी एसी_चेक_डेक्ल्सनं किंवा सीमेकच्या चेक_सिंबॉल_एक्झिस्ट्सनं करा, आणि तपासणीच्या वेळी तेच _पॉझिक्स_सी_सोर्स आणि तोच -एसटीडी द्या जो पुढे बिल्डला देणार आहात.

क्रॉस कंपाइल, म्हणजे एका मशीनवर दुसऱ्या प्रोसेसरसाठी कंपाइल, करणाऱ्यांना आरपीएल_मॅलॉक सापडला नाही, असा लिंकरचा एरर कधी ना कधी भेटतो. एसी_फंक_मॅलॉक ही तपासणी प्रोग्राम चालवून पाहते. एआरएमचा प्रोग्राम बिल्ड मशीनवर चालत नाही, म्हणून जुन्या ऑटोकॉन्फमध्ये उत्तर 'नाही' धरलं जातं आणि मॅलॉकच्या जागी आरपीएल_मॅलॉक येतो, जो कुणी लिहिलेलाच नसतो. कॉन्फिगरला एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल ची किंमत येस देऊन वेळ भागते. खरं तर मॅलॉक(०) काय देतो यावर तुमचा कोड अवलंबून नसेल, तर ती तपासणीच काढून टाका.

सिस्टिमकडच्या मागण्यांना, म्हणजे _जीएनयू_सोर्स आणि मंडळींना, जागा एकच: प्रत्येक .सी फाइलच्या पहिल्या इन्क्लूडच्या आधी, किंवा बिल्डच्या फ्लॅगमध्ये. आपल्या पब्लिक हेडरमध्ये कधीच नाही. वापरणाऱ्यानं आमच्या आधी एसटीडीआयओ.एच इन्क्लूड केलं असेल, तर ग्लिबसीचं फीचर्स.एच एकदा वाचून झालेलं असतं आणि नंतरच्या डिफाइनला कुणी विचारत नाही. लिनक्सवर जी++ (जीसीसीचा सी++ कंपायलर) _जीएनयू_सोर्स स्वतःच डिफाइन करतो. त्यामुळे तोच तुकडा सी++ मध्ये चालतो आणि सी मध्ये अडतो, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. मॅकओएस आणि फ्रीबीएसडीवर उलटी गंमत: _पॉझिक्स_सी_सोर्स डिफाइन केला की पॉझिक्सबाहेरचं काहीबाही लपतं. मॅकवर मग _डार्विन_सी_सोर्स लागतो. _बीएसडी_सोर्स अजून कुठे उरला असेल तर त्याजागी _डिफॉल्ट_सोर्स करा, ग्लिबसी २.२० पासून जुना मॅक्रो इशारा देतो.

हेडर सापडतं का ते विचारणारं __हॅज_इन्क्लूड वापरत असाल तर एकच ओळ लक्षात ठेवा: 'डिफाइन्ड आहे आणि __हॅज_इन्क्लूड(...)' असं एका #इफमध्ये && नं जोडू नका. जुना कंपायलर पूर्ण ओळ वाचायला जातो आणि दुसऱ्या अर्ध्यावर अडखळतो. एकात एक असे दोन #इफ हवेत.

आता पब्लिक हेडर. त्यात हॅव्ह_, ऑप्ट_, यूज_ यांपैकी काहीही नको. बिल्डनं एक छोटी फाइल तयार करावी, तापमापी_फीचर्स.एच, तिच्यात फक्त तापमापी_फीचर_ मॅक्रो, आणि तीच इन्स्टॉल व्हावी. लिबपीएनजी या पीएनजी चित्रांच्या लायब्ररीचं पीएनजीलिबकॉन्फ.एच हे याचं चांगलं उदाहरण. तिथे फीचरची नावं पीएनजी_ ने सुरू होऊन _सपोर्टेड ने संपतात. या फाइलमध्ये साइझऑफ_लाँग किंवा बिग एंडियन असलं काही टाकू नका, कारण ३२ आणि ६४ बिटांची पॅकेजं एकाच मशीनवर बसवली की त्याच नावाच्या दोन फाइली वेगळ्या निघतात. पॉइंटरचा आकार हवाच असेल तर यूआयएनटीपीटीआर_मॅक्स वरून तिथल्या तिथे काढता येतो. आणि कुठल्याही फीचर मॅक्रोवर स्ट्रक्टचा सभासद अवलंबून ठेवू नका. लायब्ररी थ्रेडसकट बांधली आणि ॲप्लिकेशन थ्रेडविना, तर थ्रेडसाठी घातलेल्या म्यूटेक्स या कुलपापुढच्या प्रत्येक सभासदाची जागा सरकते. कंपाइल होतं, लिंक होतं, आणि तेलाचं तापमान वाइंडिंगच्या खान्यात दिसायला लागतं. स्ट्रक्ट आतच ठेवा, बाहेर फक्त पॉइंटर द्या.

हेडर कितीही खरं बोललं तरी ते कंपाइलच्या वेळचं असतं. साइटवरच्या मशीनवर बसलेली .एसओ (चालताना जोडली जाणारी लायब्ररी) फाइल वेगळी असू शकते. म्हणून एक फंक्शनही हवं, ज्याला फीचरचं नाव दिलं की ० किंवा १ मिळेल. एसक्यूलाइटचं एसक्यूलाइट३_कंपाइलऑप्शन_यूज्ड अगदी हेच करतं, आणि पर्यायाचं नाव उपसर्गासकट दिलं काय, उपसर्गाविना दिलं काय, दोन्ही चालतं. झेडलिबमध्ये झेडलिबकंपाइलफ्लॅग्ज आहे, कर्लमध्ये कर्ल_व्हर्जन_इन्फो.

ज्या कंट्रोलरच्या आयडीईत कॉन्फिगर नावाचा प्रकारच नाही, तिथे हॅव्ह_ ची फाइल हातानं लिहावी लागते. तिचं नाव कॉन्फिग.एच ठेवू नका. दोन लायब्रऱ्या आल्या की इन्क्लूडच्या वाटांच्या क्रमावर कुठली उचलली जाईल ते ठरतं. एम्बेड टीएलएस या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची पद्धत घ्या: एमबेडटीएलएस_कॉन्फिग_फाइल या मॅक्रोत फाइलचं नाव द्यायचं आणि लायब्ररी तेच इन्क्लूड करते. नाव अवतरणचिन्हांत दिलं, तर ती चिन्हं शेलमध्ये, मेकफाइलमध्ये आणि विंडोजच्या कमांड लाइनवर तीन वेगळ्या तऱ्हांनी गळतात. कोनी कंसांत नाव दिलं तर आतली अवतरणचिन्हं लागत नाहीत, फक्त शेलनं ते कंस स्वतःचे समजू नयेत म्हणून बाहेरून एक जोडी पुरते.

तपासणीसाठी सगळ्या जोड्या बांधायची गरज नाही. आठ ऑप्ट_ असतील तर २५६ बिल्ड होतात, ते कुणी चालवत नाही. सगळं चालू, सगळं बंद आणि एकेक करून बंद, असे दहा बिल्ड पुरतात आणि बहुतेक तुटलेले #इफ तिथेच सापडतात. सोबत एक ग्रेप (मजकुरातला शोध): कोडमधली तापमापी_ ने सुरू होणारी सगळी कॅपिटल नावं काढा, सॉर्ट करा, आणि डॉक्युमेंटमधल्या यादीशी डिफ मारा. यादीत नसलेलं नाव म्हणजे चुकलेलं अक्षर किंवा कुणीतरी न सांगता घातलेला पर्याय. आणि यूज_ सोडून दुसरा उपसर्ग मुख्य फाइलींत दिसला तर बिल्डच पाडा. कंपायलर स्वतः काय काय डिफाइन करतो ते पाहायला जीसीसीला मोठा ई आणि छोटा डी-मोठा एम हे दोन पर्याय देऊन रिकामी फाइल द्या. लिनक्सवर अंडरस्कोरविना नुसता लिनक्स नावाचा मॅक्रोही तिथे १ दिसेल. कडक -एसटीडी लावला की तो गायब होतो. म्हणून ओळख विचारायची तर __लिनक्स__. विंडोजवर तसंच _विन३२. तो ६४ बिटांवरही असतो, आणि अंडरस्कोरविना असलेल्या विन३२ वर विसंबू नये, तो एमएसव्हीसीचा कंपायलर स्वतः देत नाही.

जुनं नाव बदलायचं असेल तर ते नुसतं काढून टाकू नका. काढलेला ऑप्ट_ कुणाच्या मेकफाइलमध्ये वर्षानुवर्षं -डी नं दिला जात राहतो आणि काहीच होत नाही. निदान दोन रिलीज तरी 'जुनं नाव डिफाइन्ड असेल तर #एरर, आणि मजकुरात नवं नाव' अशा तीन ओळी ठेवा. इशाऱ्यावर भागवायचं असेल तर #वॉर्निंग सी२३ मध्ये आला आहे; त्याआधी तो कंपायलरांची मेहरबानी होता. एम्बेड टीएलएसच्या जुन्या नावावरच्या पोलरएसएसएल_ चं एमबेडटीएलएस_ झालं तेव्हा, २.० मध्ये, सोबत जुनी नावं नव्याकडे वळवणारं एक कॉम्पॅट हेडर आणि सोर्समधली नावं बदलून देणारी स्क्रिप्टही दिली होती. नावं शेकड्यांनी असतील तर स्क्रिप्ट द्याच. हेडर एकटं पुरत नाही, कारण त्याच्या भरवशावर लोक जुनी नावंच चालवत राहतात.